घरं सहा, गोळ्या पाच

...नाही, पण मग रिव्हॉल्व्हरचं ते गोळ्या भरायचं चक्र उघडून बघायचं कुणी? मी? तुम्हाला सांगतो, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात वहिनी पिशवी देते, म्हणते, "भावजी, ह्यांचं रिव्हॉल्व्हर तेवढं बंदुकीच्या दुकानात जमा करून या," तर मला वाटणारच ना की रिकामं असेल! लायसन्स दादाच्या नावावर, दादा गेला, मग हत्यार काय भरलेलं राहतं? राहतं...

दादा गोदामावर पहारेकरी. बावीस वर्षं एकच रिव्हॉल्व्हर आणि एकच हेका : घरं सहा, गोळ्या पाच. मागचा घोडा ज्या घरावर टेकतो, ते घर रिकामं. बाकीचे पहारेकरी त्याला 'पावणेसहा' म्हणायचे, तो हसायचा आणि राग मला यायचा, त्यांचा नाही, दादाचाच! अरे, भर की सहावी, भित्रा कुठला! त्या सकाळीही हेच म्हणालो. तो हसला, बुटाची लेस बांधायला वाकला आणि छातीत कळ आली ती... जाऊ द्या.

तर दुकानदार काका. माणूस जाणकार, पण भाषणाची भारी हौस. चक्र उघडायचं सोडून रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं आणि लागले नाकातून बोलायला. "हे जुनं मॉडेल, बरं का. घोड्याला ही चोच बघ, थेट गोळीवर टेकते. आपटलं की उडालंच. नव्याचा घोडा नकटा. गोळीला ठोकणारी सुई वेगळी, आत, आणि मध्ये पट्टी. चाप ओढल्याशिवाय ती हटतच नाही. सहाच्या सहा भर आणि उशाला घेऊन झोप. हे म्हणजे भंगार."

भंगार? तुम्हीच सांगा, माणूस जाऊन महिना झाला नाही आणि त्याच्या वस्तूला भंगार? माझं डोकंच फिरलं. भांडायला म्हणून हात उगारला, कोपर लागलं आणि ते गेलं की हो खाली! फरशीवर, बरोब्बर घोड्यावर, नळी वर, माझ्या हनुवटीकडे...

टक्.

एवढंच.

काकांनी उचललं, चक्र उघडलं. "भरलेलं आणलंस?" आता आवाज नाकातूनही येत नव्हता, कुठूनच येत नव्हता. मी बघतोय... एक, दोन, तीन, चार, पाच. आणि घोड्यासमोरचं घर रिकामं. आरपार पलीकडची भिंत दिसत होती. घरं सहा, गोळ्या पाच.

काका स्टुलावर बसले, पाणी प्यायले, खोड काही जाईना. "म्हणूनच म्हणतो, नव्यात ती पट्टी असते..."

"असेल काका," मी म्हटलं, "आमच्या जुन्यात दादा होता."

आणि अशा माणसाला मी भित्रा म्हणालो. आता माफी मागायची तर कुणाची मागू? त्या रिव्हॉल्व्हरची? तेसुद्धा जमा झालं.