हकिमाची आळंबी

आमचा बाप इंग्रज साहेबाशीही बेधडक बोलायचा, पण आईपुढं लाजायचा. एकदा त्याला उन्हाळी लागली; लघवीला आग, पोटातही आग. आईला न सांगता त्यानं अंजनगावच्या हकिमाकडून काढ्यासाठी वाळवलेल्या टेकोड्यांची, म्हणजे आळंबीची, पुडी आणली आणि फडताळात लपवली.

संध्याकाळी त्याच टेकोड्यांचा झणझणीत रस्सा ताटात! आई लाजून म्हणाली, "मले टेकोडे आवडतात, हे तुमाले ठाऊक हाये तं! मंग लपवले काहून जी?"

बाप घाम पुसत सगळं जेवला.

दुसऱ्या दिवशी हकिमानं विचारलं, "दवा ने असर किया?"

"माह्यावर नाही, बायकोवर झाला. आनखीन द्या."

हकिमानं हसत दोन पुड्या बांधल्या. "ये बीवी के लिए. और ये बीमारी के लिए."