उंबऱ्याबाहेरचा पुजारी

काका : अरे दादा, खेळातला माझा योद्धा मरतोय इथे! तुझ्या पुजाऱ्याला म्हणावं, मंत्रबिंत्र म्हण काहीतरी.

लेक : काका, दम धरा. बाबा, तुमच्या पुजाऱ्याचा मंत्र लागायला हवा तर फासे टाकायच्या आधी देवीला हाक मारा.

बाबा : हाक कशाला? टाकतो की सरळ.

लेक : तसं जादूगाराचं चालतं, तो पोथ्या वाचून शिकतो. पुजाऱ्याला देवी देईल तेव्हाच मिळतं. तुम्हीच हट्टानं पुजारी घेतलात. वर खेळाच्या पुस्तकातले देव नकोत, माझी देवी मीच ठरवणार म्हणालात.

काका : आणि खेळ सुरू झाल्यापासून तिच्याशी चकार शब्द नाही! रक्त वाहतंय माझं, मालक.

बाबा : तू जरा गप्प मर.

लेक : खेळ मी चालवतेय, म्हणजे देवीच्या तोंडचं मलाच बोलायचंय. कशाची देवी आहे, ते तरी सांगा.

बाबा : उशिरा घरी येणाऱ्यांची.

लेक : दिसते कशी?

बाबा : दिसत नाही. दाराआडून बोलते. आधी उंबऱ्याबाहेर अंग झटकायचं. नाहीतर आत घेत नाही.

काका : हा कुठला विधी काढलास?

लेक : बाबा... बेकरीतून आलात की आई हेच म्हणायची.

बाबा : घरभर पीठ करायचो ना मी.

काका : अरे देवा. वहिनी होय?

लेक : मला नाही जमणार, बाबा. तिचं बोलणं मी कसं बोलू?

बाबा : म्हणून तर हाक मारत नव्हतो. तुला कशाला त्रास? आणि मारली, नि कोणी ओ दिलीच नाही तर? दवाखान्यात सगळ्या देवांना हाका मारून झाल्यात माझ्या.

काका : राहू दे, पोरी. मेलो तर मेलो. दुसरा योद्धा घेईन मी.

लेक : नाही. बाबा, मारा हाक.

बाबा : अगं... ऐकतेस का? धाकट्याला लागलंय गं. माझ्या एकट्याच्यानं काहीच होत नाही. तू गेल्यापासून नाहीच होत.

(लेक फासे बाजूला सारते.)

लेक : आलात? अंग झटकलंत?

बाबा : झटकलं.

लेक : मानेमागे राहिलंय. वाका बघू... हं. आता भावजींना आत आणा. उंबऱ्यात काय ठेवलंय त्यांना?

काका : आलो, वहिनी.