निळ्या ताडपत्रीखालचं लाकूड

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय हिमानीताई, काउंटीच्या वृक्ष विभागातून मुद्दाम वेळ काढून आलेले पाहुणे मिस्टर कार्लसन, सत्कारमूर्ती पद्मिनीकाकू, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, आणि बटाटेवड्यांच्या वासाने मागच्या रांगेत अस्वस्थ झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलण्याची संधी दिल्याबद्दल आभार मानायची पद्धत आहे. पण ही संधी मला कुणी दिलेली नाही, मी हट्टाने मागून घेतली. हिमानीताईंनी विचारलं, "उल्हास, किती वेळ?" मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांचा विश्वास बसला नाही आणि तो न बसणंच योग्य होतं. कार्लसनसाहेबांना मराठी येत नाही, म्हणून माझी मुलगी केया त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात इंग्रजीत सांगते आहे. केया, जमतंय ना? गुड.

काकूंबद्दल काय सांगावं? त्या बारा वर्षांपूर्वी ट्रॉयहून आपल्या गावात आल्या. तिथे त्यांच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ॲशची मोठी झाडं होती. मग तो पाचूसारखा हिरवा भुंगेरा आला. दिसायला इतका देखणा की कुणी कानात घालावा. त्याच्या अळ्या सालीखाली कुरतडत जातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. काकू म्हणतात, "दोन-तीन उन्हाळ्यांत आमचा रस्ता उघडाबोडका झाला रे. दुपारी अंगणात उभं राहवेना." म्हणून इथे आल्या आल्या त्यांनी काउंटीच्या स्वयंसेवकांत नाव घातलं. नारिंगी जॅकेट चढवून ही बाई तळ्याकाठची ॲशची राई सांभाळायची. झाडांच्या बुंध्यांना औषधाची इंजेक्शनं देताना मदत करायची, भुंगेरे पकडायचे जांभळे सापळे टांगायची आणि उरलेला वेळ आपल्याला ओरडायची. पिकनिकला गेलो की माझ्या गाडीची डिकी उघडून विचारायच्या, "लाकूड कुठलं? तिथलंच घेतलंस की घरून आणलंस?" आम्ही पाठीमागे त्यांना कस्टमवाल्या काकू म्हणायचो. काकू, हे तुम्हाला माहीत होतं का? नसेल तर आता झालं.

गेल्या संक्रांतीला याच हॉलमध्ये त्यांनी स्लाइड्स दाखवल्या होत्या. आठवतंय? गावात कीड आली आहे, तळ्याकडे अजून नाही. कीड लागलेला ओंडका म्हणजे बंद डबा, उन्हाळा लागला की त्यातून भुंगेरे बाहेर पडतात. म्हणून लाकूड गावाबाहेर न्यायचं नाही. मी तेव्हा माइकची वायर नीट करत होतो. सगळं ऐकलं होतं. "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय मला नाही.

काकूंच्या परसातलं स्वतःचं ॲशचं झाडही त्याच हिवाळ्यात गेलं. त्यांनी ते कापून घेतलं, ओंडक्यांच्या तोंडांना खूण म्हणून नारिंगी रंग लावला आणि वर निळी ताडपत्री बांधली. एप्रिलमध्ये भुसा करणारं मशीन येणार होतं. ताडपत्रीवर मराठीत पाटी होती: याला हात लावू नये.

आता मला सांगा, आपल्याकडे होळीचं लाकूड कधी कुणी विकत आणलं आहे का? आमच्या नागपुरात तर नाहीच. होळीला लाकूड चोरायचं असतं, आणि जो जास्त राखण करतो त्याच्याकडूनच चोरायचं असतं. मालक शिव्या देतो, मग संध्याकाळी तोच होळीला नैवेद्य घेऊन येतो. मार्चमध्ये काकू मुलाकडे एडिसनला गेल्या होत्या. मी चौघांना म्हटलं, "यार, गॅस स्टेशनवरचं प्लास्टिकमधलं लाकूड जाळून होळी होते का? काकूंकडे पाटी लावून ठेवलंय." आम्ही पाच जण. सगळे टक्कल पडलेले किंवा पडत आलेले, एक सोडून. भर दुपारी माझ्या मिनीव्हॅनमध्ये ओंडके भरले. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी हात केला, आम्हीही केला. ताडपत्री परत छान बांधून ठेवली. इतकं हसलो की माझं पोट दुखलं.

तळ्यावर पोचलो तर वारा सुटलेला. रेंजरने जाळ करायची परवानगी दिली नाही. होळी कॅन्सल केली. शेडमध्ये बसून पुरणपोळ्या खाल्ल्या आणि ओंडके शेडच्या मागे, राईच्या कडेला रचून आलो. पुढच्या ग्रुपला उपयोगी पडतील, असं मीच म्हणालो. ती होळी पेटली असती तर आज मी इथे फक्त वड्यांवर बोललो असतो.

काकू परत आल्या आणि त्यांनी आपल्या ग्रुपवर विचारलं, "माझं लाकूड कुणी नेलं?" आपण काय उत्तर दिलं? हसणारी तोंडं. "होळीचा चोर सापडत नसतो काकू!" त्यांनी परत लिहिलं, "हसू नका. कुठे आहे तेवढं सांगा, मी स्वतः जाऊन उचलून आणते." त्यावर एक उत्तर गेलं: "काकू, ते जळून गेलं." काकूंनी लिहिलं, "जळलं? मग उत्तम. सुटले मी."

ते उत्तर मी लिहिलं होतं. पुन्हा दीड तास ड्राइव्ह करून जायचा कंटाळा आला होता आणि काकूंची बोलणी खायची नव्हती, एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

जूनमध्ये तळ्याकाठच्या सापळ्यात हिरवे भुंगेरे मिळाले. कार्लसनसाहेबांना शेडमागे ओंडके सापडले, सालीवर ताजी भोकं आणि तोंडाला नारिंगी रंग. त्यांनी काकूंना बोलावलं. काकू म्हणाल्या, लाकूड माझं आहे. बस, तेवढंच. नारिंगी जॅकेट परत द्यावं लागलं. इंजेक्शनं देऊन काही झाडं वाचतील असं म्हणतात, बाकीची राई या हिवाळ्यात कापतील. आणि आपण काय करतोय? त्या गुडघ्यांमुळे मुलाकडे चालल्या म्हणून शाल-श्रीफळ देतोय.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. सामान बांधून झालं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "उल्हास, मला जूनमध्येच कळलं. ग्रुपवर जास्त कोण हसलं होतं ते आठवतं मला."

"मग नाव का नाही सांगितलंत?"

"तुमच्यातला एक पोरगा व्हिसावर आहे ना? त्याचं ग्रीन कार्ड अडकलं असतं तर? मला या वयात काय करणार आहेत?"

मी सिटिझन आहे, मित्रहो. माझं घर आहे, नोकरी आहे. मला तरी काय करणार होते? तरीही मी चहा पिऊन, त्यांचे दोन खोके गाडीत ठेवून घरी आलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि ती अजून गेलेली नाही. कल्पना माझी, गाडी माझी, खोटंही माझं. बाकी कुणाचं नाव मी घेणार नाही, कुणी विचारूही नये.

काकू, तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून बघताय. बघा. शाल तुम्हाला शोभते, पण तुमचं ते जॅकेट तुम्हाला परत मिळावं म्हणून मी इथे उभा आहे.

अध्यक्षांचे, संयोजकांचे, वडे थंड होऊनही बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं. शब्दांपलीकडे जे झालं ते मात्र कुणी सांभाळून घेऊ नये, काकू, तुम्हीसुद्धा नाही.

आणि केया, तू मघापासून गप्प झाली आहेस. साहेब तुझ्याकडे बघतायत. मी "ते जळून गेलं" म्हणालो तिथे तू थांबलीस, मी बघितलं. बाळा, तिथूनच पुढे सांग त्यांना. बाबांनी लिहिलं म्हणून सांग.