न बोलता न्यायचा दिवा

"आज तोंड उघडायचं नाही, उठायचंही नाही. रक्त थांबू द्या." सकाळी अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते. गुंगीत पडलेल्या गुणवंतीच्या कानांत तो आवाज अजून लाटेसारखा येत-जात होता. पडवीत सासू आणि नणंद बोलत होत्या.

"आये, तिन्हीसांज झाली. वैनीचा दिवा चुकला तर?"

"चुकून कसं चालेल? तुझ्या रघूदादाचा मचवा अजून दर्यात आहे. तो बंदराला लागेपर्यंत देवीला रोज दिवा, असा नवस बोललीय ती."

"मग मी नेते."

"तू? वाटेत चकार शब्द बोलायचा नसतो, चिमे. तू तर म्हशीशीसुद्धा गप्पा मारतेस!"

"ती आधी हाक मारते."

"आणि विहिरीवर तुझी मैत्रीण काशी भेटली म्हणजे?"

"भेटू दे. नाही बोलणार. वैनीच्या दाढेची शप्पथ!"

"शप्पथ तरी धड घे गो!"

गुणवंतीला हसू आलं. तिने दातांतला कापूस घट्ट धरला.

"...दादाची शप्पथ, आये."

काडी ओढल्याचा आवाज झाला, तेलाचा वास आत आला. पावलं अंगणात उतरली.

"चिमे गो! थांब, गंमत सांगते!" विहिरीवरून काशी ओरडली.

उत्तर आलं नाही. नुसत्या बांगड्या किणकिणल्या आणि हळूहळू देवळाच्या वाटेने लांब गेल्या.