एका गळ्याच्या तीन ओळी

दुसरं? दुसरं बरं वाटलं तुम्हाला? तुमच्या गाण्याला तसं हवं? — नाही नाही, रागावलो कुठे, माझा आवाजच असा आहे — पण ताई, ते दुसरं मशीनचं! एक ओळ गाऊन घेतली, कॉम्प्युटरमधल्या प्लगइनने उचलून वर ठेवली, झाली साथीची हार्मनी, दोन मिनिटांत. पहिलं खरं गायलेलं, तिन्ही ओळी वेगवेगळ्या. ऐका ना परत — इथे — 'म'वर ओठ एकदम मिटत नाहीत, एक ओळ जरा मागे राहते, हो की नाही? गंमत तिथेच तर आहे. मशीनच्या तिघी श्वाससुद्धा एकदम घेतात, कवायत चालल्यासारख्या. — काय? स्वच्छ वाटतं? अहो, स्वच्छ तर फरशीपण असते!

पहिलं कोण गायलंय? बायको माझी. बावीस वर्षं ह्याच काचेमागे उभी राहून लोकांच्या गाण्यांना वरची ओळ, खालची ओळ देत आली. आता नाही येत. — छे, तब्येत ठणठणीत आहे, शेण मीच खाल्लं. ह्याच गाण्याला तिने तिन्ही ओळी गायल्या, दोन सूर जरा उतरले, गिऱ्हाईक मानगुटीवर बसलेलं — परत गा म्हणायला जीभ रेटेना, सकाळपासून उभी होती ना ती — म्हणून तिची एकच ओळ ठेवली, बाकीच्या दोन मशीनने काढल्या. सांगितलं नाही. तिने ऐकलं मात्र, म्हणाली, "वरच्या ओळीत मी इथे श्वास घेत नाही." झालं! "मग मला तीन तास उभं कशाला केलंस?"

तरी काढली असती समजूत. पण म्हणाली, डोळे मीट, दोन्ही वाजवते, माझं कोणतं ते सांग. आता माझा कान — लोकांना शिकवतो मी, तुम्हालाच शिकवत होतो की आत्ता — दोनदा वाजवलं तिने. दोन्हीदा चुकलो. हो, चुकलो! आणि तुमच्यावर ओरडतोय. भांडली असती तरी चाललं असतं हो, नुसती "बरं" म्हणाली आणि चपला घालून गेली. घरी सगळं बोलते, चहा देते, गाण्याचं तेवढं नाही.

काय म्हणता? तिलाच बोलवू? आणि सांगू काय — ये, तीन तास उभी राहा, मला फरक कळत नाही, असं? ...

निघा तुम्ही, ताई. तुमचं गाणं प्लगइननेच करतो. चारला फाइल घेऊन जा.