झिबुयिलेला न्यायला

झोंडी : इथंच, बाबा. या पिवळ्या पट्ट्याशी. जरा आटपा, मागं गाड्या खोळंबल्यात.

म्बाथा : मॅनेजरसाहेब, नीट आठवून सांगा. माझी झिबुयिले इथंच पडली?

झोंडी : पोलिसांकडच्या जबाबात तसंच आहे. चोराच्या मागं धावली ती, दुकानातून पार इथं पार्किंगपर्यंत. चोरामागं धावायचं नाही, अशी पाटी लावलीय आम्ही गल्ल्याशी.

म्बाथा : जबाब राहू द्या. ही बोरीची फांदी जीव गेला तिथंच टेकवायची असते, तरच आत्मा तिच्यासोबत घरी येतो. जागा चुकली, तर मी नुसतं लाकूड घेऊन घरी जाईन आणि पोर इथंच राहील, तुमच्या गाड्यांत.

झोंडी : मला शिकवू नका, बाबा. माझ्या आजोबांना असंच आणलं आम्ही खाणीतून.

म्बाथा : मग माझ्याकडं बघून बोला की.

झोंडी : फुमझिले! गल्ला सोडून बाहेर कशाला आलीस? रांग लागलीय आत!

फुमझिले : तीन गल्ले आणि बसायला मी एकटी. रांग लागणारच. सावुबोना, बाबा, नमस्कार.

म्बाथा : तू फुमझिले होय? घरी सारखं तुझंच नाव असायचं. तू सांग, पोरी. इथंच का?

झोंडी : तिला काय माहीत? ती आत होती.

फुमझिले : हो, आत होते. झिबूही आतच होती.

झोंडी : फुमझिले, तुला दोन लेकरं आहेत. नोकरीचा विचार कर.

फुमझिले : केला, साहेब. नऊ दिवस तोच करतेय. बाबा, ती धावली नाही. दाराशी पडली, ट्रॉल्यांच्या शेजारी.

म्बाथा : दाराशी कशी? ती तर गल्ल्यावर असायची.

फुमझिले : वॉचमनला कमी केलं ना. साहेबांनी त्याचं जॅकेट तिला दिलं. म्हणाले, आजच्या दिवस दाराशी उभी राहा, पावत्या बघ. ते 'आजच्या दिवस' तीन आठवडे चाललं. जॅकेट पार गुडघ्यापर्यंत यायचं. आम्ही तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचो. ती पण सलाम ठोकायची.

म्बाथा : घरी बोलली नाही.

फुमझिले : त्या माणसाच्या कोटात बाळाच्या दुधाचे डबे होते. ती एवढंच म्हणाली, 'भाऊ, पावती दाखवता का?' त्यानं सुरा काढला. एक पाऊल बाहेर टाकलं नव्हतं तिनं.

म्बाथा : आणि तू?

फुमझिले : तिनं माझं नाव घेतलं, बाबा. मी गल्ल्याखाली लपून बसले होते.

झोंडी : वरून हुकूम होता, माणसं कमी करा. मी तरी काय...

म्बाथा : साहेब, तुमचं माझं बोलणं व्हायचंय, पण आज नाही. एकदा तिला हाक मारली, की घरी पोचेपर्यंत मला दुसऱ्या कुणाशी बोलता येणार नाही. तेवढं दार उघडं धरा.

झोंडी : धरतो, बाबा.

म्बाथा : फुमझिले, रडणं नंतर, आधी माझ्याबरोबर चल. टॅक्सीत माझ्या शेजारची जागा तिची आहे. तिथं कुणाला बसू देऊ नकोस.

फुमझिले : नाही बसू देणार.

(म्हातारा दाराशी जातो. ट्रॉल्यांच्या शेजारी फांदी टेकवतो.)

म्बाथा : झिबुयिले, मी आलोय गं. ते जॅकेट काढ आता. लोक जातायत तर जाऊ देत, कुणाला काही विचारू नकोस. चल, बाळा. आई वाट बघतेय.