कारल्याचा रस आणि सलीमचे लूम

कारल्याचं कौतुक मला सांगू नका, आधी माझं ऐका. आमच्या भिवंडीत तेव्हा मोबाईल नुकते आले होते. बायकोला शुगर, म्हणून मुलानं घरातली साखर, गूळ सगळं बंद केलं होतं. त्या सकाळी उपास म्हणून तिनं काही खाल्लं न्हाय, पण शुगरची गोळी घेतली आणि वर पेलाभर कारल्याचा रस प्यायली.

थोड्या वेळानं बघतो तर घामानं चिंब, हात लटलट कापतायत. डॉक्टर फोनवर ओरडला, "शुगर उतरलीय! शुद्धीत आहेत तोवर काहीतरी गोड द्या!"

गोड आणू कुठून? सून वाण्याकडं पळाली. मी डबे उपसले. हळद, ओवा, मेथी, सगळी औषधं हायत, साखर तेवढी न्हाय!

बायको ओठ हलवत होती, पण शेजारच्या सलीमच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात शब्द कळेना. खिडकीतून बोंबललो, "सलीम, लूम बंद कर! तेरी चाची जा रही है!"

सगळे लूम थांबले. त्या शांततेत तिचा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला, "तांदळाच्या पिंपात... तळाला... गूळ हाय."

कोपरापर्यंत हात घातला, तर ही मोठी ढेप! खडा तिच्या तोंडात दिला. हळूहळू हात कापायचे थांबले, तसं माझं डोकं तापलं. "शुगर असून चोरून गूळ खातेस?"

"गुळानं रक्त वाढतं, हे तुम्हीच गावाला सांगत फिरता ना?" ती म्हणाली. "आता झाकण लावा, मुंग्या लागतील."